आ कर, ढब्बू!

प्रत्येक मोहिमेला एक प्रमुख लागतो. या घरातल्या मोहिमेवर ताईने स्वतःची नेमणूक स्वतःच केली आणि ती बातमी बाबांना जेवायच्या ताटावर दिली.

“व्हिसाच्या मेडिकलचं सगळं मी बघणार. तू फक्त ढब्बूला उचलायचं.”

“आणि माझं स्वतःचं मेडिकल?”

“तेही मीच बघणार.”

बाबांनी विरोध केला नाही. एक तर तोंडात घास होता, आणि दुसरं म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनापासून ताईला विरोध करणं कुणालाच जमत नव्हतं. त्या दिवशी ती सूत्रसंचालन करत असताना ऐन रंगात माइक गेला. दुसरी कुणी असती तर रडत पडद्यामागे पळाली असती. ताईने माइक खुर्चीवर ठेवला आणि उरलेला कार्यक्रम नुसत्या घशावर रेटून नेला. मागच्या रांगेतले पालक उभे राहिले. त्यांतले काही घरी निघायला उभे राहिले होते, पण टाळ्या त्यांनीही वाजवल्या. तेव्हापासून नववीतल्या या मुलीची पक्की खात्री झाली होती की घसा शाबूत असला की जगात कुणाचं काहीही अडत नाही. ही खात्री पुढे अगदी खरी ठरली. फक्त तो घसा तिचा नव्हता.

मोहीम होती आईकडे जायची. आई फिजिओथेरपिस्ट. वर्षभरापूर्वी ती परदेशातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात रुजू झाली होती. तिकडे ती लोकांचे अडलेले गुडघे सोडवत होती आणि इकडे तिच्याच तीन माणसांचा व्हिसा अडला होता. आता कुठे तो जरा हलला होता. मुलाखतीची तारीख आली होती. त्याआधी तिघांनी नेमून दिलेल्या हॉस्पिटलात तपासणी करून घ्यायची आणि तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट पुढे पाठवायचा. रिपोर्ट वेळेत गेला नाही तर मुलाखत पुढे, आणि मुलाखत पुढे म्हणजे आई पुढे. किती पुढे, ते कुणीच सांगत नव्हतं.

पण ताईला असल्या शंका शिवतच नव्हत्या. तिने माळ्यावरची मोठी बॅग केव्हाच खाली काढली होती. वर्गात करायचं निरोपाचं भाषण आरशासमोर म्हणून झालं होतं, त्यात हुंदका कुठे द्यायचा तेही ठरलं होतं. बॅगेत अजून काही भरलं नव्हतं, कारण बॅगेत सध्या ढब्बू बसत असे.

ढब्बू म्हणजे धाकटा भाऊ. वय दोनच्या आसपास, आकार नावाला शोभेलसा, डोक्यावर कुरळ्या केसांचं हे एवढं टोपलं. आई गेली तेव्हा तो नुकताच बोलायला लागला होता. ‘आई’ या शब्दातला ‘आ’ तेवढा त्याच्या तोंडात बसला, आणि ‘ई’ यायच्या आत आई विमानात बसली. त्यामुळे ढब्बूच्या भाषेत आई म्हणजे ‘आ’. ही आ राहते कुठे? तर मोबाइलमध्ये. फोन वाजला की “आ! आ!” करत तो घरभर दुडदुडायचा. फोन बाबांच्या खिशात असला तर थेट खिशाशीच गप्पा मारायचा. बाबा त्या वेळी आपले खांबासारखे उभे.

“त्याच्या केसांना हात लावायचा नाही हं,” आई दर फोनला बजावायची. “मला ते कुरळे एकदा हातात घेऊन बघायचेत. फोनवर नुसते दिसतात.”

“अगं, सगळं माझ्या ताब्यात आहे,” ताई दर फोनला सांगायची.

आणि ते होतंही. शेजारच्या अनुभवकाकू येईपर्यंत.

काकूंना हे नाव ताईनेच ठेवलं होतं. काकूंना स्वतःला फारसा अनुभव कशाचाच नव्हता, पण त्यांच्या भाच्याला प्रत्येक गोष्टीचा होता. घर घेणं असो, दात काढणं असो, भाचा आधी जाऊन आलेला असायचा. मेडिकलच्या आदल्या दिवशी काकू चहाची साखर मागायला आल्या आणि साखर विसरून सोफ्यावर बसल्या.

“पासपोर्ट दाखव बघू पोराचा,” त्या म्हणाल्या. ताईने दाखवला. काकूंनी फोटो लांब धरला, जवळ धरला, मग ढब्बूकडे बघितलं. ढब्बूने बॅगेतून त्यांच्याकडे बघितलं.

“हा हा नाही,” काकूंनी निकाल दिला.

“काकू, तो तीन महिन्यांचा असतानाचा फोटो आहे.”

“ते तुला माहीत, मला माहीत. त्यांना काय माहीत? फोटोत पोरगं टकलू आहे, समोर हे झिपरं. माझ्या भाच्याची नुसती मिशी वाढली होती, तर त्याला दारातून परत पाठवलं. मिशी काढून गेला तेव्हा आत घेतला!”

खरं सांगायचं तर फोटोतला ढब्बू बाबांच्या साहेबांसारखा दिसत होता: गोल, टकला, दात नाहीत आणि समोरच्यावर नाराज. बाबा तो फोटो कधी नीट बघतही नसत.

“काहीतरीच काय, वहिनी,” बाबा हसत म्हणाले. पण त्यांचं हसू अर्ध्यातच विरलं. बाबा ज्या ऑफिसात कामाला होते तिथे आलेल्या प्रत्येकाला “एक कागद कमी आहे” असं सांगून परत पाठवायची जुनी परंपरा होती. मिशीवरून माणूस परत जाऊ शकतो हे त्यांना इतर कुणाहीपेक्षा चांगलं पटत होतं. मिशीवरून त्यांनी स्वतः दोघांना परत पाठवलं होतं.

ताईसमोर धर्मसंकट उभं राहिलं. एका बाजूला आईचे कुरळे केस, दुसऱ्या बाजूला आई. मोहिमेच्या प्रमुखाला असे निर्णय घ्यावे लागतात. “केस परत येतात,” ती गंभीरपणे म्हणाली. “तारीख येत नाही.” हे वाक्य तिला इतकं आवडलं की तिने ते दोनदा म्हटलं. काकू साखर न घेताच समाधानाने घरी गेल्या.

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्या काकांनी ढब्बूला खुर्चीच्या हातांवर टाकलेल्या फळीवर बसवलं, गळ्यात पांढरं कापड बांधलं आणि मशीन चालू केलं. घर्रर्र. ढब्बू खूश! तोही घर्रर्र करायला लागला. उजवी बाजू बघता बघता गुळगुळीत झाली.

“किती शहाणं बाळ आहे हो,” सलूनवाले काका म्हणाले.

हे म्हणायला नको होतं. ढब्बूने कौतुक ऐकून मान वर केली आणि आरशात बघितलं. आरशात पांढरं कापड पांघरलेला एक अर्धा टकला माणूस त्याच्याकडे टक लावून बघत होता. ढब्बूने असा काही टाहो फोडला की शेजारच्या खुर्चीवरच्या गिऱ्हाईकाच्या तोंडावरचा साबण उडाला. मग तो फळीवरून घसरला, कापडासकट जमिनीवर पडला, कापडासकट उठला आणि कापडासकट रस्त्याला लागला. पुढे छोटंसं भूत, मागे ताई, तिच्या मागे बाबा, बाबांच्या मागे हातात चालू मशीन घेतलेले सलूनवाले काका. “साहेब, माझं कापड!”

त्यानंतर ढब्बूच्या डोक्याजवळ हात न्यायची सोय राहिली नाही. कात्री नाही, मशीन नाही, काकूंनी पाठवलेल्या बाहुल्या समोर नाचवूनही नाही. उजवीकडे गोटा, डावीकडे टोपलं. ताईने आपली लाल लोकरीची टोपी त्याला घातली. ती त्याला भयंकर आवडली. टोपीवरून हात फिरवला तर चाले.

संध्याकाळी आईचा फोन आला. “आ! आ!”

“अगं, घरात टोपी कशाला?” आई म्हणाली.

“फॅशन आहे,” ताई म्हणाली. “सगळं माझ्या ताब्यात आहे, आई. केस एकदम मस्त.” बाबा खोकत स्वयंपाकघरात गेले. ताईला हे खोटं घशात जरा टोचलं. पण व्हिसा मिळेपर्यंत केस वाढतीलच, असा तिने हिशेब केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं हॉस्पिटलात हजर. ताईच्या खांद्यावर कागदांची पिशवी, बाबांच्या खांद्यावर ढब्बू, ढब्बूच्या डोक्यावर लाल टोपी. आत सगळं कसं पांढरंशुभ्र, चकचकीत. भिंतीवर बाणच बाण. ताईला तर विमानतळावरच आल्यासारखं वाटलं. इथून पुढच्या दारातून बाहेर पडलं की समोर आईच उभी असेल, असं तिला उगाचच वाटून गेलं.

काउंटरवरच्या बाईंनी कागद चाळले. ढब्बूच्या फोटोशी आल्या आणि थांबल्या.

“टोपी काढा.”

बाबांनी टोपी काढली. बाईंनी फोटो बघितला, ढब्बू बघितला, परत फोटो बघितला.

“अर्धा जुळतोय,” त्या म्हणाल्या.

“बाई, ते केस... म्हणजे फोटोत टक्कल होतं ना, म्हणून आम्ही...” ताईचा माइकशिवाय चालणारा घसा इथे अडखळला.

“अहो, लहान मुलं बदलतातच. त्यासाठी केस कापायचे असतात का? जन्माची तारीख जुळली की झालं.” बाईंनी ढब्बूच्या कागदावर शिक्का मारला. ताईच्या डोळ्यांसमोर काकू, काकूंचा भाचा आणि भाच्याची मिशी क्रमाने येऊन गेली. “वडिलांचं मात्र अडलंय,” बाई पुढे म्हणाल्या. “एक कागद कमी आहे.”

बाबा पांढरे पडले. आयुष्यभर जे वाक्य त्यांनी दुसऱ्यांना ऐकवलं, ते असं तोंडावर येऊन आदळेल याची त्यांना कल्पना नव्हती. “कमी?” ते क्षीण आवाजात म्हणाले. “असा कसा कमी? तुम्ही नीट बघितलं का?” हे तर समोरची माणसं त्यांना रोज म्हणत असत.

कागद पिशवीतच होता. ढब्बूच्या बिस्किटाला चिकटला होता.

पुढे वजन. ढब्बू काट्यावर उभा राहायला तयार नव्हता. तो काट्यावर पालथा झोपला. मग सिस्टरनी युक्ती काढली: आधी बाबांनी ढब्बूला घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग बाबांनी एकट्याने, आणि वजाबाकी करायची. युक्ती उत्तम होती, फक्त सिस्टरचा आवाजही ताईसारखाच होता. बाबांचं एकट्याचं वजन त्यांनी असं खणखणीत वाचलं की बाकांवर बसलेली सगळी माणसं वळून बघायला लागली. बाबांनी घाईघाईने पोट आत घेतलं.

“आता घेऊन काय उपयोग?” सिस्टर म्हणाल्या. “मी लिहिलंसुद्धा.”

ताईचा एक्स-रे झाला. “श्वास रोखून धरा,” म्हटल्यावर तिने असा रोखला की यंत्रवाल्या दादाला “आता सोडा” असं दोनदा सांगावं लागलं. रक्त द्यायलाही ती हसत बसली. ढब्बू लहान, त्याचं ना रक्त ना एक्स-रे. त्याला फक्त डॉक्टर तपासणार आणि राहिलेली एक लस टोचणार. पण त्याच्या मनाची तयारी म्हणून बाबांनी रक्त देताना त्याला मुद्दाम समोर उभं केलं.

“बघ हं ढब्बू, बाबाला काही होत नाही. बाबा शूर आहे. बघ, आता सुई—आई गंऽऽ!”

“आ?” ढब्बू एकदम टवटवीत झाला. “आ? आ?” आणि त्याने बाबांच्या पँटचे दोन्ही खिसे बाहेर ओढले. फोन तिथे नव्हता. भिंतीवर ‘मोबाइल बंद ठेवा’ अशी पाटी होती, आणि पाटीचं ऐकणारं घर असल्यामुळे फोन बंद होऊन ताईच्या पिशवीत गेला होता. ढब्बूने रक्त काढणाऱ्या दादाचाही खिसा तपासला. तिथे एक पेन निघालं. त्याने ते निराश होऊन परत दिलं.

आणि मग आल्या डॉक्टर. उंच, शांत, चष्मा नाकाच्या टोकावर. खोलीत त्या आणि सिस्टर. डॉक्टरांनी ढब्बूची छाती ऐकली, पोट दाबलं, गुडघ्यावर टिचकी मारली. ढब्बू राजासारखा बसला होता. ताई मनात निरोपाच्या भाषणातल्या हुंदक्यापर्यंत पोचली होती, तेवढ्यात डॉक्टरांनी टोपी उचलली.

“हे काय?” त्यांचा चेहरा बदलला. “केस कधीपासून जातायत? असं असेल तर आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जावं लागेल. मग रिपोर्ट थांबेल.”

“नाही!” ताई आणि बाबा एकदम ओरडले आणि एकदमच खुलासा करायला लागले.

“तो फोटो साहेबांसारखा—”

“काकूंच्या भाच्याची मिशी—”

“त्याने आरशात बघितलं आणि कापड घेऊन पळाला—”

“तसा आमचा सलूनवाला चांगला आहे हो!”

डॉक्टरांनी हात वर करून दोघांना थांबवलं. ढब्बूचं डोकं दिव्याखाली धरलं, कपाळापासून मानेपर्यंत बोट फिरवलं. मग त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. “रोग इतक्या सरळ रेषेत येत नाही,” त्या म्हणाल्या. “डोकं ठीक आहे. याचं तरी.”

ताईचा जीव भांड्यात पडला. पण फार वेळ तिथे राहिला नाही, कारण ढब्बू शिंकला. पाठोपाठ खोकला.

“सर्दी आहे का? घसा बघू दे. लाल असेल तर आज लस नाही, पुढच्या आठवड्यात या. मग सही.”

पुढचा आठवडा! मुलाखत त्याच्या आधी होती. बाबांनी ताईकडे बघितलं. मोहीमप्रमुखाने पिशवीतून मुलाखतीचा कागद काढून तारीख परत वाचली.

“बाळा, आ कर,” डॉक्टर गोड आवाजात म्हणाल्या आणि बॅटरी लावली.

“आ?” ढब्बूने विचारलं. पण तो विचारत होता डॉक्टरांच्या कोटाच्या खिशाला.

“इकडे बघ. आ कर.”

ढब्बू टेबलावरून उतरला आणि टेबलाखाली गेला. “आ?” आवाज टेबलाखाली, बॅटरी टेबलावर. बाबांनी त्याला बाहेर काढलं. सिस्टर म्हणाल्या, “कर बाळा, आऽऽ,” आणि स्वतः तोंड उघडून दाखवलं. त्याबरोबर त्याने सिस्टरचा खिसा गाठला. बाबांनी आ केला. ताईने आ केला. शेवटी डॉक्टरांनीही केला. त्या खोलीत त्या वेळी चार माणसांचे घसे स्वच्छ दिसत होते, फक्त हवा होता तो सोडून. ढब्बू ओठ मिटून, मोठ्या आशेने, कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडत होता.

“घरी कधी आ करत नाही का हा?” डॉक्टरांनी घाम पुसला.

“याला तोंड उघड असं सांगायची वेळ घरी कधी आलीच नाही,” बाबा म्हणाले. “बंद कर असंच सांगावं लागतं.”

“मग तो शोधतोय तरी काय?”

आणि ताईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कचऱ्याच्या डब्यात, खिशांत, टेबलाखाली तो काय शोधत होता, ते तिला या खोलीत सगळ्यात आधी कळायला हवं होतं. मघापासून जो तो ‘आ, आ’ म्हणत त्याला आई आहे, आई आहे असंच सांगत होता, आणि दाखवत कुणीच नव्हतं.

“डॉक्टर, तो आ करत नाही, तो आ शोधतोय. आ म्हणजे आमची आई. ती फोनमध्ये असते.”

“मग लावा फोन!”

“पाटी...”

“पाटी माझीच आहे. लावा.”

ताईने पिशवीतून फोन काढून चालू केला आणि तिचं बोट अडलं. समोर ढब्बू उभा होता, टोपीशिवाय, अर्धा गोटा, अर्धा टोपलं. काल संध्याकाळीच ती म्हणाली होती, केस एकदम मस्त. आता आईला दिसणार होतं की मोहीमप्रमुखाच्या ताब्यात नक्की काय काय होतं. ताईने एकदा टोपीकडे बघितलं. टोपी सिस्टरच्या हातात होती, मागितली असती तर मिळाली असती. पण टोपी घालायला गेलं तर ढब्बू तिच्याशी खेळत बसणार, आणि डॉक्टरांनी घड्याळाकडे बघायला सुरुवात केली होती.

“गेली माझी इज्जत,” ताई पुटपुटली आणि तिने फोन लावला.

पलीकडे अजून रात्र होती; झोपलेली आई उठून बसली. केस विस्कटलेले, एक डोळा मिटलेला. “काय झालं? मेडिकल झालं का? रिपोर्ट?”

“आई, नुसतं बोलत राहा!” ताईने फोन डॉक्टरांच्या कानाच्या बरोबर वर धरला. “ढब्बू! बघ कोण आहे!”

ढब्बू वळला. त्याचा चेहरा असा उजळला की बॅटरीची गरजच राहिली नाही. त्याने दोन्ही हात पसरले आणि पडजिभेपर्यंत तोंड उघडलं.

“आऽऽऽऽऽ!”

“सापडला!” डॉक्टर ओरडल्या आणि बॅटरी घेऊन वाकल्या. “स्वच्छ! एकदम स्वच्छ घसा! दाढासुद्धा येतायत. सिस्टर, लस!”

“माझं सोनं ते,” आई म्हणत होती आणि तिचा दुसरा डोळा उघडला. मग दोन्ही डोळे फार मोठे झाले. “थांब. थांब जरा. त्याच्या डोक्याचं काय केलंत? अगं, मी काय सांगितलं होतं? माझे कुरळे!”

बाबा छताकडे बघायला लागले. ढब्बूचा आ अजून चालूच होता, त्याचा घसाही बहिणीचाच होता ना.

“आई,” ताई एका दमात म्हणाली, “अर्धे तुझ्यासाठी ठेवलेत.”

आई हसावं की ओरडावं या विचारात असताना सिस्टरनी मांडीवर कापूस फिरवला आणि सुई टोचली. ढब्बूच्या लांबलेल्या ‘आ’ने वाटेतच वळण घेतलं.

“आऽऽऽ—ईऽऽऽऽ!”

सिस्टर सुई हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. बाबांची मान छतावरून खाली आली. फोनमधून नाक ओढल्याचं ऐकू आलं.

“काय म्हणाला तो?” आई म्हणाली. “काय म्हणाला? पूर्ण म्हणाला ना? ताई, परत म्हणायला सांग ना त्याला! एकदाच!”

ढब्बू रडणं थांबवून सिस्टरकडे अत्यंत संशयाने बघत होता. डॉक्टरांनी हसत हसत पेन उघडलं आणि सही केली.

“परत नाही गं सांगता येणार,” ताई फोन छातीशी धरून म्हणाली, आणि तिचा तो माइकला न जुमानणारा आवाज पहिल्यांदाच जरासा फुटला. “एकच लस राहिली होती. आता तिकडे आल्यावरच ऐक.”